डाव्या बाजूची फुलं

सकाळी सातला बुर्गा आत्या माडीवर आली ती हातात बियरचा लिटरभर मावणारा काचेचा मग घेऊन. मग रिकामा होता. येता येता तीन घरांत थांबून तिने तीन मुलींचे घागरे त्याने मापले होते. तो मग जमिनीवर उभा करायचा, घागऱ्याचा काठ त्याच्या कडेला टेकला तर ठीक, नाही तर उसवा. एकीला तिने उसवायला लावलंच होतं, त्यामुळे ती खुशीत होती.

"पाजून झालं?" तिने विचारलं.

वीब्के म्हणाली, आत्ताच झालं, पावणेसातला.

"मग आता बारा वाजेपर्यंत तू आई नाहीस. हात वर कर."

या ‘हात वर कर’पर्यंत यायला घराला शुक्रवारपासून दीड दिवस लागला होता. शुक्रवारी रात्रीच्या जेवणात सूपचा शेवटचा चमचा घेऊन क्रेसेन्झ आजीने जाहीर केलं की तिची कंबर आता तिला रविवारच्या मिरवणुकीत चालू देणार नाही. चौऱ्याऐंशी वर्षं झाली, ती घोडागाडीत बसेल. पण तिचा सणाचा पोशाख, शाल्क, मात्र दरवर्षीसारखा चालत जाईल. वीब्केच्या अंगावर.

बुर्गा आत्याने काटा ताटलीच्या कडेला इतका हळू ठेवला की सगळ्यांना तो ऐकू आला. काळ्या रेशमाचा, सोनेरी वेलबुट्टीचा शाल्क लग्न झालेल्या बाईचा. चांदीच्या साखळ्या लावलेली मीडरची चोळी कुमारिकेची. मूसलाइटन गावातल्या पोरीला हे बोलायला लागायच्या आधी कळतं. आणि वीब्के उत्तरेची, समुद्राकाठची, जिथली माणसं बारशाला आणि मयताला एकच रेनकोट घालून जातात. आजीचा नातू फीटुस आणि ती, या दोघांना पाच महिन्यांची मुलगी होती, आफ्रा, फरशी न बसवलेलं अर्धं घर होतं, आणि लग्न नव्हतं. ते ‘घर झाल्यावर’ होणार होतं. घर तीन वर्षं होत होतं.

मग तिला मीडर घालू दे, असं कोणीतरी म्हणालं. त्यावर फीटुसची आई रोस्विता एवढंच म्हणाली की पाजत्या बाईला कुमारिकांच्या रांगेत उभं करायचं, तर पाहुण्या मंडळांना आधी पत्र पाठवून कळवावं लागेल. तेव्हा बुर्गा आत्याने तिसरा मार्ग काढला. वीब्केने साधा, बऱ्यापैकी लांबीचा डिर्न्डल झगा घालावा आणि बाबागाडी घेऊन फुटपाथवरून सोबत चालावं. बऱ्यापैकी लांबीचा म्हणताना तिने वीब्केकडे पाहिलं नाही. इथे आल्यावर पहिल्याच ऑक्टोबरात वीब्केने इंटरनेटवरून मागवलेला गुडघ्यावरचा गुलाबी प्रकार या घरात अजून कोणी विसरलं नव्हतं.

आजीने सगळं ऐकून घेतलं. मग ती म्हणाली, ठीक आहे, मग मीही घरीच बसते. गाडी रिकामी गेली तरी चालेल, घोडे आहेतच.

यावर तिचा मुलगा, फीटुसचा बाप कोर्बिनियान पांढरा पडला. तो वेशभूषा मंडळाचा अध्यक्ष. मंडळाला सव्वाशे वर्षं झालेली, बावीस गावांची मंडळं येणार, आणि सगळ्यात पुढे चार घोड्यांच्या गाडीत मंडळातली सर्वांत वडील बाई, असं त्याने छापलेल्या पत्रिकेत लिहिलेलं होतं. शनिवारी दुपारपर्यंत तो आई आणि बहीण बुर्गा यांच्यामध्ये सहा वेळा गेला-आला. सातव्या वेळी बुर्गा आत्या म्हणाली, "घालू दे. पण नेसवणार मी."

*

वीब्केने शाल्कबद्दल जे जे मिळालं ते वाचलं होतं. नेसायला किती वेळ लागतो, टाचण्या किती, बसता येतं का, शौचालयात जाता येतं का. एक गोष्ट कुठेही लिहिलेली नव्हती, ती तिने विचारली नाही, कारण विचारली तर उत्तर ‘मग नकोच’ असं आलं असतं. तिने फोनवर तक्ता केला होता. पावणेसातला पाजणं. नऊला बाटली, काढून ठेवलेल्या दुधाची, रोस्विता-कोर्बिनियानच्या हातून. पावणेबाराला मिरवणूक संपली की पुन्हा ती. या आठवड्यात आफ्राने फीटुसच्या हातून दोनदा बाटली घेतली होती. तीनदा घेतली नव्हती, पण तक्त्यात दोनच लिहिले होते.

फोन आत्याने काढून घेतला होता. घड्याळही. नखांवरचा फिकट रंगसुद्धा, जो वीब्केला वाटलं होतं दिसत नाही.

"ओटीलीला दिसेल," आत्या म्हणाली.

ओटीली म्हणजे शेजारच्या तालहाम गावची वेशभूषाप्रमुख. बुर्गा आत्या मूसलाइटनची एकोणीस वर्षं प्रमुख होती आणि ओटीली तालहामची एकोणीस वर्षं, आणि या एकोणीस वर्षांत एकीला दुसरीच्या रांगेत चूक सापडलेली नव्हती. आत्याने स्वतःच्या सख्ख्या भावाला एकदा काळ्या चष्म्यापायी रांगेतून बाहेर काढलं होतं. अध्यक्ष झाल्यानंतरची गोष्ट.

मग आत्याने टाचण्या तोंडात धरल्या आणि बोलणं थांबलं. काळं रेशीम थंडगार आणि जड होतं. ते अंगावर येताच वीब्के श्वास घ्यायची थांबली, आणि पुन्हा घ्यायला गेली तेव्हा अर्ध्यातच अडकली. रेशमाखालची अस्तराची चोळी आत्याने अंगावरच टाके घालून शिवली, कारण बटणांनी सुरकुती पडते. त्यावर गळ्याभोवतीची रेशमी शाल घडी-घडीने बसवली, प्रत्येक घडीला एक टाचणी. वीब्के मनात मोजत होती. बेचाळीस झाल्या.

खिडकीशी खुर्चीत क्रेसेन्झ आजी बसली होती, काठी मांडीवर आडवी ठेवून. वीब्केला वाटलं, आजीला वाईट वाटत असेल. साठ वर्षं जे आपल्या अंगावर असायचं ते दुसऱ्याच्या अंगावर चढताना बघायचं. तिने तसं बोलूनही दाखवलं. आजी म्हणाली, छे, मला पहिल्यांदाच कळतंय मागून कसं दिसतं ते.

पावणेनऊला आत्या दोन पावलं मागे सरकली. तिने वीब्केला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि पुन्हा खालपासून वरपर्यंत.

"आता शिंकू नकोस," ती म्हणाली. आत्याकडून यापेक्षा मोठी शाबासकी कोणाला मिळाल्याचं घरात कोणाला आठवत नव्हतं.

वीब्केने आरशात पाहिलं. आरशातली बाई या गावची दिसत होती. दोन वर्षं बेकरीत, दवाखान्यात, चर्चच्या पायऱ्यांवर ती ‘फीटुसची ती उत्तरेकडची’ होती. आज दुसऱ्या रांगेत, डावीकडून तिसरी, आजीच्या जागेवर ती उभी राहणार होती. आपल्याला हे इतकं हवं होतं हे तिला आरशासमोरच कळलं, आणि कळल्याबरोबर भीती वाटली.

खाली आफ्रा जागी झाली.

*

स्वयंपाकघरात रोस्विताने बाटली कोमट केली, मनगटावर थेंब टाकून पाहिला, आणि नातीला मांडीवर घेतलं. नातीने बाटलीचं निपल जिभेने बाहेर ढकललं. रोस्विताने पुन्हा दिलं. नातीने पुन्हा ढकललं, आणि या वेळी तोंड असं केलं की जणू तिला कोणीतरी अपमानकारक कागदावर सही करायला सांगितली आहे.

मग कोर्बिनियान म्हणाला, दे इकडे, माझ्याकडे घेईल. तो पूर्ण तयार होता. भरतकामाची हरणाच्या कातड्याची विजार, राखाडी कोट, पिंडऱ्यांवर लोकरीच्या पट्ट्या. पत्र्याच्या नळीतून नुकताच काढलेला पहाडी बकऱ्याच्या केसांचा झुपका त्याने टोपीत खोचला होता. त्याच्या वडिलांचा झुपका. वर्षभर तो नळीत असतो, आणि घरात जोराने दार आपटलं तरी कोर्बिनियान नळीकडे बघतो.

आफ्राने आजोबांकडे पाहिलं, टोपीकडे पाहिलं, आणि रडायची थांबली. रोस्विताला एक क्षण वाटलं की जमलं. मग पोरीने हात वर केला.

केस पाच गेले. कोर्बिनियानने ते तिच्या मुठीतून एकेक करून सोडवले आणि पाकिटात ठेवले. मग तो खुर्चीत बसला. आफ्रा आता अशी रडत होती की समोरच्या अंगणात बँडवाल्यांनी सनईसारखं काही वाजवायचं थांबवून वर पाहिलं.

रोस्विता बाटली हातात घेऊन जिन्याकडे निघाली. शुक्रवारपासून ती गुपचूप नणंदेच्या बाजूला होती. तिचा हिशेब सरळ होता. आज शाल्क नाकारला तर पोरं चिडून का होईना सोमवारी लग्न नोंदवायला जातील. पण जिन्यात, तिसऱ्या पायरीवर, तिला तिचा स्वतःचा पहिला शाल्क आठवला. बत्तीस वर्षांपूर्वी फीटुस पोटात तीन महिन्यांचा होता आणि तिने कोणाला सांगितलेलं नव्हतं, आणि हीच नणंद तोंडात टाचण्या धरून म्हणाली होती, पोट आत घे. घेतलं होतं तिने. चार तास.

वर दार उघडून तिने बाटली सगळ्यांना दिसेल अशी धरली. "थेंब प्यायली नाही."

*

वीब्केला हे सांगायची गरज नव्हती. तिला आफ्राचं रडणं ऐकू येत होतं, आणि अंगाने त्याला आधीच उत्तर दिलं होतं. छातीत दूध भरून आलं होतं आणि रेशीम जागचं हलत नव्हतं. तिने खाली पाहिलं. अजून बाहेर काही दिसत नव्हतं. पण फार वेळ तसं राहणार नव्हतं.

नऊ वाजून पाच मिनिटं झाली होती. साडेनऊला कुरणावर रांगा लागणार, दहाला प्रार्थना, मग मिरवणूक. बुर्गा आत्याने शांतपणे सांगितलं की उतरवायला अर्धा तास, पुन्हा चढवायला पावणेदोन तास, तेव्हा हे होणार नाही. मूल काही उपाशी मरत नाही, साडेअकरापर्यंत रडेल आणि झोपेल.

"रडून झोपेल," रोस्विता म्हणाली. "वन्सं, तुम्ही किती वाढवलीत?"

खोलीत हे वाक्य पडलं आणि तसंच पडून राहिलं. बुर्गा आत्याने लग्न केलेलं नव्हतं. तिचा स्वतःचा शाल्क मंडळाने मतदान घेऊन दिला होता, चाळिशी उलटल्यावर, वयाचा मान म्हणून. रोस्विताने ओठ आवळले. तिला वाक्य परत घ्यायचं होतं, पण बाळ रडत होतं आणि वाक्य परत घ्यायला शांतता लागते.

फीटुस आफ्राला घेऊन आला, लाल, घामाघूम, एका पिंडरीवरची पट्टी घोट्यापर्यंत घसरलेली. लेकीचा आवाज आता त्याच्या खांद्यातून सगळ्यांच्या कानात जात होता. तो म्हणाला, वीब्के, तू सांग काय करू, मी करतो.

वीब्केने पाहिलं तो शिवणाच्या टेबलावर कात्री होती. आत्याची, लांब पात्यांची. ती टेबलापर्यंत गेली आणि तिने कात्री उचलली.

"मी हे उतरवते. टाके मी कापते, रेशीम नाही कापणार. आणि मी फुटपाथवरून चालते. तुम्ही म्हणाला होतात तसं, आत्या. तुमचं बरोबर होतं." मग ती रोस्विताकडे वळली. "आई, तिला जरा धरा, दोनच मिनिटं."

दोन वर्षं वीब्केने रोस्विताला कोणतीही हाक न मारता काढली होती. ‘अहो’, ‘ऐका ना’, ‘मी म्हणत होते की’, यावर तिने दोन कडाक्याचे हिवाळे आणि एक बाळंतपण निभावलं होतं. रोस्विताने हात पुढे केले आणि नातीला छातीशी घेतलं.

*

बुर्गा आत्या कात्रीकडे बघत होती.

तिला माहीत होतं. तीस वर्षांपूर्वी आईच्या शाल्कचं अस्तर एका जागी विरलं होतं म्हणून तिने ते उलटं केलं होतं. डाव्या काखेखालून छातीकडे, दुहेरी पट्टीच्या आड, आकड्यांची, म्हणजे हुकांची, एक ओळ होती. अगदी बारीक, रेशमाने मढवलेल्या, बाहेरून दिसू नयेत अशा. शिवणारणीने अशी जागा उगाच उघडी ठेवलेली नसते. अस्तरावर लाल धाग्यात वर्ष टाचलेलं होतं, एकोणीसशे बासष्ट. कोर्बिनियानचा जन्म त्या वर्षीच्या मेमधला, आणि दिवाणखान्यातला आईवडिलांच्या लग्नाचा फोटो त्याच वर्षीच्या ऑक्टोबरातला. या दोन तारखा घरात सगळ्यांना माहीत होत्या आणि आजवर कोणी त्या एका वाक्यात घेतल्या नव्हत्या. पण मिरवणूक जूनमध्ये असते.

म्हणजे आई चालली होती. लग्नाआधी चार महिने, लग्न झालेल्या बाईच्या वेशात, पाजती. आणि हे कळल्यावरही बुर्गाने वर्षानुवर्षं, मगाने घागरे मापत, मुलींना सांगितलं होतं की मूसलाइटनच्या रांगेत नियम कधी मोडलेला नाही. एक आकडी सुटत आली होती, ती तिने तेव्हा नीट टाचून दिली. पट्टी परत आडवी केली. बस.

आता तिने आईकडे पाहिलं. आई खिडकीबाहेर बघत होती, बँडकडे.

"कात्री ठेव," बुर्गा आत्या म्हणाली.

वीब्केने ठेवली नाही.

"ठेव म्हणते ना. उजवा हात डाव्या काखेखाली घाल. शिवणीच्या मागे एक पट्टी आहे, ती वर उचल. तिच्याखाली आकड्या आहेत."

वीब्केच्या बोटांना आधी काही लागलं नाही, मग लागलं. रोस्विता नणंदेकडे बघत राहिली, मग सासूकडे. फीटुस कोणाकडे बघावं हे न कळून छताकडे बघू लागला.

"सात आहेत," खिडकीशी बसलेली आजी म्हणाली, मान न वळवता. "तिसरी जरा अडकते."

मग तिने मान वळवली. "माझ्या आईने शिवल्या. म्हणाली, पोरगा तर झालाच आहे, निदान तुला नीट चालता तरी येऊ दे. तीस वर्षं वाट बघतेय मी, बुर्गा, तू कधी विचारशील म्हणून. टाका ओळखला होता मी तुझा. तू गाठ दोनदा मारतेस."

"विचारायचं काय त्यात," बुर्गा आत्या म्हणाली आणि वीब्केचा दंड वर धरून स्वतःच आकड्या सोडवू लागली. तिचे कान मात्र लाल झाले होते. तिसरी अडकली. तिने ओढली. तिसरी तुटली.

रोस्विता नातीसकट पलंगावर बसली आणि हसायला लागली. तिला थांबता येईना. ती हसत हसत म्हणाली की वन्सं, मी मघाशी बोलले ते विसरा. बुर्गा आत्या म्हणाली, कधीचं, मी तर टाचण्या मोजत होते.

आफ्राला आत यायला जागा झाली आणि खोली एकदम गप्प झाली. घट घट एवढाच आवाज. वीब्के उभीच होती, कारण शाल्क घालून तेवढं वाकून बसता येत नाही. फीटुस तिच्या कडेला गुडघ्यावर टेकून लेकीला खालून दोन्ही हातांनी उचलून धरून होता, त्याच्या आजोबांच्या विजारीत. आजीने ते पाहिलं आणि ती म्हणाली, अगदी असंच. फक्त आमच्या ह्यांचे हात एवढे थरथरत नव्हते.

*

नऊ वाजून पंचवीस मिनिटांनी सहा आकड्या लागल्या. तिसरीच्या जागी बोटभर फट राहिली, आणि फटीतून दूध शोषायला छातीला लावलेली पांढरी घडी दिसत होती. काळ्या रेशमावर तेवढंसं पांढरं दहा पावलांवरून डोळ्यांत भरलं असतं. ओटीलीला वीस पावलांवरून.

टाका घालायला वेळ नव्हता. पट्टी सरकत नव्हती. जास्तीच्या टाचणीला धरायला कापडच उरलं नव्हतं. खाली कोर्बिनियान तिसऱ्यांदा हाका मारत होता.

बुर्गा आत्याने फुलांचा गुच्छ उचलला. तीन लाल कार्नेशनं आणि थोडं हिरवं, ताजं, सकाळी बागेतून तोडलेलं. ही फुलं शाल्कच्या गळ्यात मधोमध खोचायची असतात. नेमकी मधोमध, हनुवटीच्या रेषेत. बायकांच्या गळ्यात एक बोट इकडे-तिकडे झालेली आत्याने आजवर हाताने दुरुस्त केली होती.

तिने गुच्छ वीब्केच्या गळ्यापाशी धरला. मधोमध धरला. मग थोडा वेळ तसाच धरून राहिली. मग तो डावीकडे नेला, फटीवर ठेवला, आणि एकच टाचणी घातली.

"चला," ती म्हणाली.

कुरणावर बावीस गावांचे झेंडे होते. आजी चार घोड्यांच्या गाडीत बसली, आफ्रा तिच्या मांडीवर, भरपेट आणि झोपलेली, मुठीत अजून एक लांब राखाडी केस. रोस्विता आणि वीब्के दुसऱ्या रांगेत उभ्या राहिल्या. वीब्के डावीकडून तिसरी. बुर्गा आत्या रांगेच्या टोकाशी, मानेने सगळ्यांना मोजत.

ओटीली आलीच. तालहामच्या बायका अजून जागेवर लागत होत्या आणि ती पाहुणचाराच्या नावाखाली मूसलाइटनच्या रांगेपुढून सावकाश चालत आली. पहिली रांग तिने पार केली. दुसऱ्या रांगेत, डावीकडून तिसरीपाशी ती थांबली. तिचा चेहरा एकोणीस वर्षांनी पाऊस आलेल्या शेतासारखा झाला.

"नोटबुर्गा," आत्याचं पूर्ण नाव घेत ती गोड आवाजात म्हणाली, "ही फुलं डावीकडे कशी गं?"

रांगेतल्या बायकांनी श्वास रोखले. शाल्कमध्ये श्वास रोखायला फारसे कष्ट लागत नाहीत. वीब्केने समोरच्या झेंड्याकडे पाहिलं आणि मनात म्हटलं, झालं. आता आत्या माझं नाव सांगेल, कोणाची कोण ते सांगेल, लग्नाचा कागद नाही हे सांगेल, आणि मला हात धरून बाहेर काढेल. नियमाप्रमाणे तिला काढावंच लागेल.

बुर्गा आत्याने ओटीलीकडे अशा नजरेने पाहिलं, जशी ती गुलाबी डिर्न्डलकडे पाहायची.

"तुमच्याकडे नाही का तसं?" ती म्हणाली. "मूल अंगावर पीत असलं की डावीकडे. आमच्याकडे पूर्वीपासून आहे."

"लग्न झालेल्या बाईचं?"

"मूल पाजणाऱ्या बाईचं. लग्नाचा त्यात काय संबंध." आणि मग, थांबून, जणू ओळख करून द्यायची राहिलीच होती, "ही आमची वीब्के. दुसरी रांग."

ओटीलीने गाडीतल्या क्रेसेन्झ आजीकडे पाहिलं. मंडळातली सर्वांत वडील बाई. तिला विचारलं की संपलं. आजीने गंभीरपणे मान हलवली, एकदा, आणि झोपलेल्या बाळावरचं दुपटं सारखं केलं. ओटीलीने कमरेच्या पिशवीतून छोटी वही काढली, पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं, आणि लिहून घेतलं.

बँड सुरू झाला. रोस्विता ओठ न हलवता कुजबुजली की वन्सं, हे कधीपासून आहे म्हणालात. बुर्गा आत्या समोर बघत म्हणाली, पाय उचल वहिनी, डावा आधी.

*

तीन आठवड्यांनी तालहामचा उत्सव होता. वीब्के गेली, रांगेत, सातही आकड्यांसकट. तिसरी आत्याने नवीन लावली होती आणि गाठ दोनदा मारली होती. तालहामच्या बायकांच्या तीन रांगा होत्या, आणि त्यांत दोघींची फुलं डावीकडे होती. एकीची बाबागाडी बाजूला तिचा नवरा धरून उभा होता. दुसरी जेमतेम विशीची, तिच्या शेजारी नवरा कोणी दिसत नव्हता, पण खांद्यावर ओकाऱ्या पुसायचं फडकं तसंच राहून गेलं होतं.

बुर्गा आत्या रांगेपुढून सावकाश चालत गेली. विशीच्या त्या पोरीसमोर थांबली. पोरगी ताठ झाली. आत्याने आधी तिच्या खांद्यावरचं फडकं काढून घडी करून स्वतःच्या खिशात ठेवलं. मग मान तिरकी करून गुच्छाकडे पाहिलं, टाचणी काढली आणि पुन्हा घातली.

"दोन बोटं खाली," ती म्हणाली. "लक्षात ठेव. नियम आहे."